आधी नवऱ्याला घेऊन रक्त तपासून ये

प्रिय ताई,
मी २६ वर्षांची आहे. मानेवाड्याला राहते, सदरला एका ऑफिसात अकाउंट्स पाहते. यांची शिफ्टची नोकरी आहे. लग्नाला दीड वर्ष झालं आणि आता मला दिवस गेलेत, आठवा आठवडा सुरू आहे. सकाळी डोळे उघडले की मळमळ सुरू होते ती रात्री झोपेपर्यंत. फोडणीचा वास आला की संपलंच. सासूबाई जिवाच्या चांगल्या आहेत, पण 'दोन जिवांची आहेस, खा' म्हणत डिंकाचा लाडू आणि दुधाचा ग्लास घेऊन मागे लागतात. नाही खाल्लं की त्यांचा चेहरा उतरतो. शेजारच्या काकूंनी मळमळीवर सुपारीचं खांड तोंडात धरायला सांगितलंय. बाहेर ४५ डिग्री तापून राहिलंय, गाडीनं ऑफिसला जाऊ की नको कळत नाही. तीन महिने कुणाला सांगायचं नाही असं घरी ठरलंय, म्हणून ऑफिसात बाथरूममध्ये ओकते, तोंड धुते आणि परत जागेवर येऊन बसते. माझ्या एका मैत्रिणीचं दुसऱ्या महिन्यातच पडलं, तेव्हापासून जिना चढतानाही धाकधूक होते. यांच्या चुलत बहिणीला सिकलसेल आहे, तिला अधूनमधून भरती करावं लागतं, पण ती भंडाऱ्याला असते. मी काय खाऊ, कसं राहू, सांगा ना.
– एक वाचक, नागपूर

पोरी,

तुझ्या सगळ्या प्रश्नांची उत्तरं देते. पण जे तू विचारलंच नाहीस, ते आधी.

यांच्या चुलत बहिणीला सिकलसेल आहे असं लिहून, 'पण ती भंडाऱ्याला असते' म्हणत तू पुढे गेलीस. मी त्या ओळीवर अडले. पुन्हा वाचली. मी ३१ वर्षं नर्स म्हणून काढली, त्यातली बहुतेक प्रसूतीच्या वॉर्डात. मळमळीनं हैराण झालेल्या हजारो पोरी पाहिल्या, त्या सगळ्या चौथ्या महिन्यात हसत परत आल्या. ही एक ओळ मात्र थांबायला तयार नाही, कारण हिला तारीख आहे.

नीट समजून घे. सिकलसेल हा आईबापाकडून येणारा रक्ताचा आजार. तुझ्या चुलत नणंदेला तो आहे, म्हणजे तिला त्याचा गुण आई आणि बाप दोघांकडूनही आलाय. तिचा बाप म्हणजे तुझे चुलत सासरे. त्यांना तो त्यांच्या आईकडून किंवा वडिलांकडून आला असणार. मग त्याच आईबापाच्या पोटचे तुझे सासरे, त्यांच्यात तो असण्याची शक्यता दोनात एक, आणि तुझ्या नवऱ्यात असण्याची किमान चारात एक. तो असला तरी नवऱ्याला काही त्रास होत असेल असं नाही. अशा माणसाला आपल्याकडे वाहक किंवा नुसतं 'एएस' म्हणतात. तो धडधाकट असतो, कामं करतो, त्याला आयुष्यभर कळतही नाही. म्हणून 'आमच्या यांना काही नाही' हे तपासल्याशिवाय बोलायचं नसतं.

आता तुझी गोष्ट. तुझ्या माहेरी कुणाला नाही म्हणून तू सुटलीस असं धरू नको. एकेकाळी जंगल आणि मलेरिया जिथे होता तिथे हा गुण टिकला, कारण वाहकाला जीवघेण्या मलेरियापासून थोडं संरक्षण मिळत होतं. भंडारा, गोंदिया, चंद्रपूर, गडचिरोली आणि आपलं नागपूरसुद्धा त्याच पट्ट्यात येतं. अमुक एका समाजाचाच हा आजार, हे डोक्यातून काढून टाक.

दोघांपैकी एकच वाहक निघाला तर बाळाला हा आजार होत नाही, फार तर बाळ वाहक होईल. फक्त दुसऱ्याला थॅलेसेमियासारखा रक्ताचा दुसरा दोष नाही ना, एवढं डॉक्टर त्याच तपासणीत बघून घेतात. दोघंही वाहक निघाले तर मात्र प्रत्येक खेपेला चारात एक शक्यता अशी की बाळाला आजार असेल. आणि ते पोटात असतानाच कळू शकतं. ११ ते १३ आठवड्यांच्या दरम्यान वारेचा अगदी बारीक अंश काढून तपासतात. ती वेळ गेली तर १५-१६ आठवड्यांनंतर गर्भजलाची तपासणी करता येते. पुढे काय करायचं हा निर्णय तुमचा दोघांचा, त्यात सासू नको, शेजारीण नको आणि मीही नको. पण निर्णय घ्यायला हातात वेळ असावा म्हणून आठव्या आठवड्याचं महत्त्व. तुझ्याकडे तीन आठवडे आहेत.

इतकं सांगण्याचं कारण एक चेहरा आहे. वर्षभराच्या लेकराला घेऊन एक जोडपं आमच्याकडे आलं होतं. बाळाच्या दोन्ही हातांची बोटं सुजून टम्म झाली होती, हात लावला की किंचाळायचं. बापाच्या हातात प्लास्टिकच्या पिशवीत बाळंतपणाची सगळी फाइल, एक कागद इकडचा तिकडे झालेला नव्हता. सोनोग्राफ्या होत्या, साखर होती, थायरॉइड होतं. सिकलसेलचा कागद नव्हता. कुणी विचारलंच नव्हतं. बाई मला म्हणाली, 'सिस्टर, माझ्या मामेबहिणीला होतं ना, पण ती गावाला राहायची.' तुझी ओळ वाचून मला तीच आठवली.

तेव्हा येत्या सोमवारी, नवऱ्याची शिफ्ट काहीही असो, दोघं मिळून जा. डागा, मेडिकल किंवा मेयो, यातला जो सरकारी दवाखाना तुम्हाला जवळ पडेल तिथे. आधी सोल्युबिलिटी नावाची साधी तपासणी होते. पण ती फक्त 'आहे' किंवा 'नाही' एवढंच सांगते. 'आहे' आलं तर वाहक की रुग्ण हे कळायला इलेक्ट्रोफोरेसिस किंवा एचपीएलसी लागते. तुझ्या घरी ओळखीचा रुग्ण आहे, म्हणून डॉक्टरांना सरळ सांग की पक्की तपासणीच दोघांचीही एकदम करा. आधी तुझी, मग तुझी आली तर त्याची, असं करण्यात दहा-बारा दिवस जातात. १ जुलै २०२३ पासून सिकलसेल निर्मूलनाचं राष्ट्रीय अभियान सुरू आहे, सरकारी दवाखान्यात ही तपासणी मागायला संकोच करू नको. त्याच सुईत हिमोग्लोबिन, रक्तगट, साखर, थायरॉइड, एचआयव्ही, सिफिलिस, हेही होऊन जाऊ दे. रक्तगट निगेटिव्ह निघाला तर नवऱ्याचाही कागद जोडायचा. धनुर्वाताचं इंजेक्शन कधी, ते तिथेच विचार आणि नोंदणी करून माता-बाल संरक्षण कार्ड घेऊनच घरी ये. पहिल्या बाळासाठी मातृवंदना योजनेचे ५,००० रुपये असतात, नियमात बसत असशील तर त्याची सुरुवातही याच नोंदणीपासून होते.

हे झालं. आता तुझी मळमळ.

ती सहाव्या आठवड्याच्या आसपास सुरू होते, आठव्या ते दहाव्यात सगळ्यात जोरात असते आणि बहुतेकींची बाराव्या ते सोळाव्याच्या दरम्यान ओसरते. म्हणजे तू आत्ता घाटमाथ्यावर आहेस. रिकामं पोट हा तिचा सगळ्यात मोठा मित्र. रात्रभर पोट रिकामं, सकाळी एकदम उठायचं, ब्रश तोंडात घालायचा, वर चहा ओतायचा, मग उलटी होणार नाही तर काय?

असं करून बघ. झोपताना उशाशी स्टीलची छोटी डबी ठेव. त्यात मुरमुरे, फुटाणे किंवा ज्वारीच्या लाह्या. जाग आली की उठायचं नाही. मान थोडी वर करून चार-पाच फुटाणे हळूहळू चाव. पंधरा-वीस मिनिटं तशीच पडून राहा. मग कुशीवर वळून, हात टेकून बस, आणि मगच पाय खाली सोड. ब्रश नाश्त्यानंतर केला तरी चालतो. दिवसभर दर दोन तासांनी चार घास, पोट कधी गच्च भरायचं नाही आणि कधी रिकामंही ठेवायचं नाही. जेवताना पाणी नको, अर्धा तास आधी नाही तर नंतर, तेही घोट घोट. गरम अन्नाचा वास उठतो, गाराचा उठत नाही, म्हणून गार दहीभात, त्यावर बारीक चिरलेला सांबार, म्हणजे कोथिंबीर, हे सध्या तुझं पक्वान्न समज. आल्याच्या चकतीला मीठ लावून चघळ, पर्समध्ये लिंबू ठेव आणि वास आला की नखानं सालीला टोचून हुंग. उलटी झाल्यावर लगेच दात घासू नको, आम्लानं दात झिजतात. कपभर पाण्यात चिमूटभर खाण्याचा सोडा टाकून चूळ भर.

फोडणी सध्या दुसऱ्या कुणीतरी द्यायची. सासूबाईंकडून कुकरचं आणि भाकरीचं काम तू मागून घे, तेल तापायच्या आधी खोलीत जा. नवरा सेकंड शिफ्टला असेल तेव्हा सकाळची भाजी त्यानं करावी. आलूची भाजी काही अवघड नसते.

एवढं करूनही थांबलं नाही तर सोसत बसू नको. डॉक्सिलामिन आणि ब-६ जीवनसत्त्वाची एकत्र गोळी येते, गरोदरपणातल्या उलट्यांसाठी ती कितीतरी वर्षं वापरात आहे, डॉक्टर लिहून देतील. तिनं झोप येते, तेव्हा ती घेऊन गाडी चालवायची नाही. केमिस्टकडून आपल्या मनानं काहीही आणू नको, अगदी अंगदुखीची नेहमीची गोळीसुद्धा. आणि वजन आठवड्यातून एकदा, एकाच काट्यावर बघ. तू ५० किलोची असशील आणि अडीच किलो उतरलीस, किंवा पाण्याचा घोटही टिकत नाही, किंवा आठ तासांत लघवीच झाली नाही, तर ती नुसती मळमळ राहिली नाही. त्याच दिवशी दवाखाना, सलाईन लागू शकतं.

सुपारीचं मात्र ऐकू नको. काकू जुन्या अनुभवानं बोलत असतील, पण सुपारीतलं द्रव्य वारेतून बाळापर्यंत पोचतं आणि बाळाचं वजन कमी भरण्याशी त्याचा संबंध आहे. आपल्या नागपुरात तर सुपारीच्या पाठोपाठ खर्रा येतो, म्हणजे सुपारीत तंबाखू आणि चुना. मळमळ थांबते म्हणून सुरू केलेला खर्रा वाटीनं घोटून खाणाऱ्या बायका मी वॉर्डात पाहिल्यात, पदराआड, नवऱ्याला न सांगता. तोंडात काहीतरी हवंच असेल तर बडीशेप धर, नाही तर वाळवलेला आवळा. आणि पुढे कधी खडू, माती, भिंतीचा पोपडा खावासा वाटला तर लाजू नको, मला नाही तर डॉक्टरांना सांग. बऱ्याचदा ती अंगातलं लोह कमी झाल्याची खूण असते.

सासूबाईंचा लाडू. त्यांच्यावर चिडू नको, तो लाडू म्हणजे त्यांची माया आहे. पण आत्ता तुझं बाळ दीड सेंटिमीटरच्या आसपास आहे, म्हणजे एका फल्लीदाण्याएवढं. त्याला दुसऱ्या ताटाची गरज नाही. पहिले तीन महिने जास्तीचं खाणं लागतच नाही. चौथ्यापासून रोज साधारण ३५० कॅलरी वाढवायच्या, म्हणजे एक भाकर, वाटीभर वरण आणि ग्लासभर ताक, झालं. डिंकाचा लाडू बाळंतपणानंतरचा, त्यांना म्हण, 'आई, तेव्हा तुमच्याच हातचे खाईन, डबा भरून ठेवा.' दूध पचत नसेल तर दही-ताक घे, त्यातही तेच असतं.

पिकलेली पपई खाल्ली म्हणून काही होत नाही, कच्च्या पपईचा चीक टाळायचा. कच्चं दूध, अर्धवट शिजलेलं अंडं किंवा मटण नको. पहिल्या तीन महिन्यांत कलेजी नको, तिच्यात अ जीवनसत्त्व फार असतं. सावजी रस्सा खाल्ल्यानं बाळाला काही होणार नाही, पण तुझ्या घशाशी जी आग उठेल ती तुलाच विझवावी लागेल, चार महिने थांब. उन्हाळ्यात बाजारात चिवळ येते, ती लोखंडी कढईत कर, वर लिंबू पीळ. चहा दिवसाला दोन छोटे कप, रिकाम्या पोटी नाही.

फॉलिक ॲसिडची गोळी तू लिहिली नाहीस. रोज ४०० मायक्रोग्रॅम, पहिले तीन महिने. बाळाच्या मेंदूची आणि मणक्याची नळी पाळी चुकल्यानंतर साधारण दोन आठवड्यांतच मिटते, म्हणून ही गोळी खरं तर आधीपासून घ्यायची असते. सुरू नसेल तर आज रात्रीपासून घे, आणि उशीर झाला म्हणून रडत बसू नको. लोहाची गोळी चौथ्या महिन्यापासून, तेव्हा ती चहाबरोबर घ्यायची नाही, लिंबूपाण्याबरोबर घ्यायची. मळमळीच्या दिवसांत लोह सुरू केलं तर उलट्या वाढतात, म्हणून डॉक्टर थांबतात. पण हिमोग्लोबिन ११ च्या खाली असेल तर काय करायचं ते त्यांनाच ठरवू दे.

आता ऊन. नवतपा, म्हणजे मे-अखेरचे ते नऊ कडक दिवस, अजून यायचाय, तेव्हा हे वाढणारच. गरोदर बाईचं अंग आधीच तापलेलं असतं, त्यात उलट्यांनी पाणी जातं, म्हणून आपल्याकडे मे महिन्यात घेरी येऊन पडणाऱ्या पोटुश्या बायका जास्त. लघवीचा रंग रोज बघ. फिक्या पिवळ्या रंगाची असेल तर ठीक, गडद झाली की पाणी कमी पडलं. ताक जिरं-मीठ घालून, कैरीचं पन्हं, लिंबू सरबत, टरबुजाच्या फोडी. उलट्या जास्त झाल्या तर ओआरएसचं पाकीट एक लिटर पाण्यात, किंवा घरीच एक लिटर उकळून गार केलेल्या पाण्यात चहाचे सहा सपाट चमचे साखर आणि त्याच चमच्यानं अर्धा चमचा मीठ. रसवंतीचा रस घ्यायचा तर बर्फाशिवाय. रस्त्यावरचं पाणी आणि बर्फ टाळ, कारण त्यातून कावीळ होते आणि गरोदरपणातली ती कावीळ फार वाईट वळण घेते. ताप १०१ च्या वर गेला तर अंगावर काढू नको, या आठवड्यांत जास्त ताप बाळालाही चांगला नसतो.

कूलरबद्दल दोन शब्द, कारण इथे घराघरात तो आहे आणि कुणी सांगत नाही. त्याच्या ओल्या ताटीला कुबट वास यायला लागला की तुझी मळमळ वाढते, तुला वाटतं खाण्यानं वाढली. ताट्या बदलून घ्या. टाकीतलं पाणी आठवड्यातून एकदा पूर्ण काढून, घासून भरायचं, नाही तर डेंगीचे डास होतात. आणि पाणी भरताना प्लग काढलाय हे आपल्या डोळ्यांनी बघायचं. दर उन्हाळ्यात विदर्भात कूलरच्या शॉकनं माणसं जातात. सध्या ते काम तू करूच नको.

गाडी चालवल्यानं, हादऱ्यानं गर्भ पडत नाही. तुझ्यासाठी धोका आहे तो घेरी येऊन पडण्याचा, आणि दुपारच्या उन्हाचा. म्हणून हे दोन-अडीच महिने छत्रपती चौकापर्यंत नवऱ्यानं किंवा ऑटोनं सोडावं, तिथून मेट्रोनं कस्तुरचंद पार्कला उतर. गाडी बदलावी लागत नाही, डबा गार असतो आणि ओकारी आली तर पुढच्या स्टेशनला उतरून बाथरूम सापडतं. स्कार्फ ओला करून बांध.

तुझ्या मैत्रिणीचं पडलं ते वाचून वाईट वाटलं. तिला आणि तुला दोघींनाही हे सांगते. सुरुवातीच्या आठवड्यांत जे गर्भ टिकत नाहीत, त्यातल्या निम्म्याहून अधिकांत गर्भ धरतानाच गुणसूत्रांची जुळणी चुकलेली असते. जिना चढल्यानं, वाकल्यानं, नवऱ्याशी भांडल्यानं, जवळ आल्यानं ते होत नाही. तिनं काही चुकीचं केलं नव्हतं. तूही जिना चढ.

घाबरायचं कधी तेही सांगते, म्हणजे बाकीच्या वेळी घाबरायचं नाही. थोडे डाग बऱ्याच जणींना दिसतात आणि बाळ नीट असतं, तरी त्या दिवशी फोन करून विचारायचं. पण पाळीसारखं रक्त, गाठी, ओटीपोटात एका बाजूला कळ, खांद्यात दुखणं, डोळ्यांपुढे अंधारी, यातलं काही झालं तर सकाळची वाट बघायची नाही. गर्भ नळीत राहिलेला असू शकतो आणि तिथे तासांचा हिशोब असतो. १०८ नाही तर १०२ ला फोन कर. लघवीला जळजळ झाली तरी दोन दिवसांत दाखव.

राहिलं तीन महिने न सांगण्याचं. चोरओटी होईपर्यंत गाजावाजा नको, ही घरची रीत मला मान्य आहे, मीही ती पाळलीय. पण रीत गाजावाज्याची आहे, मदतीची नाही. तू रोज एकटी बाथरूममध्ये ओकून, तोंड धुऊन परत बसतेस हे वाचून माझ्या पोटात कालवलं. तुझ्या शेजारच्या टेबलवर बसणारी, विश्वासातली एक कुणीतरी असेल. तिला उद्याच सांग. घेरी आली तर कुणाला फोन करायचा, तुझी फाइल कुठे आहे, रक्तगट कोणता, एवढं तिला माहीत असू दे. साहेबांनाही सांगावं लागेल तेव्हा सांग. दहा किंवा त्याहून जास्त माणसं कामाला असलेल्या ठिकाणी पहिल्या बाळाला २६ आठवड्यांची पगारी रजा हा तुझा हक्क आहे, कुणाची मेहेरबानी नाही.

सासूबाईंना सिकलसेलचं सांगशील तेव्हा 'तुमच्या घराण्यात आहे' असं तोंडातून जाऊ देऊ नको. 'डॉक्टरांनी दोघांचीही सांगितलीय' म्हण. तेही खरंच आहे, तू सोमवारी गेलीस की सांगतीलच. आणि रिपोर्ट काहीही आला तरी नणंदेला फोन कर, ती कशी आहे विचार. तिनं इतकी वर्षं जे सोसलंय ते तुमच्या घरात तिच्याइतकं कुणालाच माहीत नाही.

दोघांचे कागद आले की मला लिही. हिमोग्लोबिनचा आकडाही कळव.

– तुझी ताई